महाराजांचं निधन नामंजूर

आमच्या महाराजांनी वारल्यानंतर अकरा वर्षं राज्य केलं. त्याला कारण माझी सर्दी.

मी इतिहास कचेरीत लेखनिक आहे. नाव भारदस्त असलं तरी कचेरी म्हणजे एक खोली, दोन कपाटं आणि एकदा उघडली की बंद न होणारी एक खिडकी. राज्यात जे घडतं ते इतिहासाच्या वहीत लिहायचं, हे माझं काम. घडलं नाही ते लिहायचं नाही, असं माझ्या नेमणूकपत्रात स्पष्ट म्हटलं आहे. ज्या गोष्टीवर अधिकाऱ्याची सही असेल ती घडली असं समजावं, असं त्याच्या पुढच्याच ओळीत म्हटलं आहे. या दोन ओळी एकाच माणसाला एकाच बैठकीत सुचल्या असतील, तर त्या माणसाला मला एकदा भेटायचं होतं.

सर्दीचं कळायला आधी आमचा कायदा थोडा कळायला हवा. कंटाळा येईल. मला तो चोवीस वर्षं येतो आहे, तुम्ही दोन मिनिटं सोसा.

आमचा तिसरा राजा अबोल होता. प्रधान कागद वाचायचे, राजा खिडकीबाहेर बघत बसायचा आणि कामं तुंबून राहायची. शेवटी असं ठरलं, की कागद वाचून झाला की वाचणाऱ्यानं ‘ऐकावं’ म्हणायचं आणि नेमून दिलेल्या एका माणसानं एक पेला पाणी प्यायचं. रिकामा पेला टेबलावर ठेवला जाईपर्यंत राजा गप्प राहिला, तर कागद मंजूर. हूं की चूं केलं, तर नामंजूर. आणि नामंजूर झालेला विषय त्या राजवटीत पुन्हा काढायचा नाही, कारण राजाला एकच गोष्ट दोनदा विचारणं हा त्याचा अपमान. पुढचे राजे चांगले बडबडे निघाले, पण पेला राहिला तो राहिलाच. आमच्याकडे एकदा सुरू झालेलं काही बंद होत नाही. माझ्या खिडकीसारखंच.

दरबारात राजाच्या आसनाभोवती लाकडी कठडा आहे. आत तिघं असतात. राजा आसनावर, प्रधान त्यांच्या उजव्या हाताला उभे, आणि लेखनिक मागच्या बाजूला लहानशा मेजाशी. कागद वाचायचे तेही लेखनिकानंच आणि निकाल वहीत लिहायचा तोही त्यानंच. आता कठड्याआतून आवाज आला तर तो कुणाचा, हे समोरच्या चाळीस माणसांना कसं कळावं? म्हणून कायदा सांगतो, की ‘ऐकावं’ म्हटल्यानंतर कठड्याच्या आतून येईल तो आवाज राजाचा. झालं, एवढाच कायदा. बाकीची नऊशे पानं पेल्याच्या आकाराबद्दल आहेत.

माझी ताई नकाशा कचेरीत होती. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मोजमापाच्या बाबतीत तिच्यासमोर भल्याभल्यांनी हात टेकले होते. तिचं एक ठरत आलेलं लग्न मोडलं, कारण मुलाकडच्यांनी सांगितलेल्या उंचीपेक्षा मुलगा दोन बोटं कमी भरला. मोजला होता अर्थातच ताईनं, आणि तो बसलेला असताना.

महाराजांच्या पणजोबांना शेजारच्या राज्यानं तहात पूर्व प्रांत देऊन टाकला होता. इतक्या झटपट दिला, की तेव्हाच कुणाला तरी शंका यायला हवी होती. पण फुकटचा प्रांत मिळाल्यावर तो उघडून कोण बघतो? नकाशावर पिवळा रंग दिला गेला, प्रांताधिकारी नेमला गेला आणि त्याला माझ्या शेजारची खोली मिळाली. तेव्हापासून एकही प्रांताधिकारी तिकडे फिरकलेला नाही. रोज सकाळी मात्र त्या खोलीतून माझ्याकडे कागद येतो, ‘पूर्व प्रांतात पीकपाणी समाधानकारक.’ खाली सही. सही आहे म्हणजे घडलं. मी मुकाट्यानं वहीत उतरवते.

ताईला नव्या मोजणीवर पाठवलं आणि ती महिन्याभरानं परत आली ती बूट हातात घेऊन.

“पूर्व प्रांत म्हणजे तलाव आहे,” ती मला म्हणाली. “इकडच्या काठापासून तिकडच्या काठापर्यंत नुसता तलाव. टेकायला बेटसुद्धा नाही.”

“मग आता?”

“मग आता काय? निळा रंग संपलाय. आणायला हवा.”

तिनं निळा रंग आणला आणि दिला. महाराजांनी नकाशा बघितला आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. पणजोबांनी मिळवलेलं राज्य एका बाईनं ब्रशानं बुडवलं, असं ते म्हणाले. त्यांनी शिक्षा दिली ती अशी. ताईनं पूर्व प्रांतात जाऊन राहावं, म्हणजे तिथं जमीन आहे हे तिला पटेल. मुदत, आमची राजवट संपेपर्यंत. ‘इथं जमीन आहे’ असं लिहून दिलं, तर त्याच दिवशी सुटका.

प्रांतात राहायला जागा नव्हती, त्यामुळे तिला एका सपाट तळाच्या जुन्या होडीत बसवून, नकाशावर जिथं प्रांताचं मुख्य गाव दाखवलं आहे तिथं नेऊन नांगरलं. होडीवर पत्र्याची खोपटी होती. एक नावाडी पंधरा दिवसांतून एकदा शिधा आणि पत्रं पोहोचवायचा.

लोकांनी माझं अभिनंदन केलं. महाराज एकोणऐंशी वर्षांचे होते आणि दोन पायऱ्या चढले की त्यांना धाप लागायची. “अगं, वर्षभरात येईल घरी,” असं ज्यानं त्यानं सांगितलं. मलाही तसंच वाटलं. खोटं कशाला बोलू, मी रोज त्यांच्या धापेकडे कान लावून बसायचे. मागे बसलं की धाप फार चांगली ऐकू येते.

आठ महिन्यांनी महाराज वारले.

निधनाचाही कागद असतो. आमच्याकडे कागदाशिवाय काही होत नाही. रिकाम्या आसनावर मुकुट ठेवला होता, समोर चाळीस माणसं माना खाली घालून उभी होती आणि मी वाचलं, “महाराजांचं निधन झालं आहे, ते मान्य व्हावं. ऐकावं.”

पाणी पिणाऱ्या गृहस्थांना सगळे पेलेकाका म्हणत. त्यांनी पेला उचलला. मला चार दिवस सर्दी होती. घशात काहीतरी वळवळायला लागलं. मी श्वास रोखला. डोळ्यांतून पाणी आलं, लोकांना वाटलं मी रडते आहे. पेलेकाका दुःखाच्या प्रसंगाला शोभेल अशा बेतानं, सावकाश पीत होते. मी त्यांच्या गळ्याची वरखाली होणारी गाठ बघत होते आणि मनात म्हणत होते, प्या हो, प्या लवकर. मग मी खोकले.

मोठा नव्हता खोकला. पदरानं तोंड दाबलं होतं. पण दरबारात इतकी शांतता होती, की तो मागच्या भिंतीपर्यंत गेला.

प्रधानांनी चाळीस माणसांकडे बघितलं आणि म्हणाले, “नामंजूर.”

“अहो, पण ते वारलेत,” राजवैद्य म्हणाले.

“वैद्यकीय मत सल्ल्यापुरतं असतं,” प्रधान म्हणाले.

लेखणी माझ्या हातात होती. ‘शांतता. मंजूर.’ असे दोन शब्द लिहिले असते तर वाद झाला असता, पण शेवटी वहीत असेल तेच खरं धरतात. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी लिहिलं, ‘खोकला. नामंजूर.’ तेरा वर्षांच्या नोकरीत रोज सहीची खोटी वाक्यं उतरवली होती आणि नेमकं त्या दिवशी मला प्रामाणिकपणाचं भरतं आलं. त्याचं मला अजून नवल वाटतं, आणि चीडही येते.

महाराजांना मागच्या बागेत पुरलं. बाहेर सूचना लावली, ‘महाराज बागेत विश्रांती घेत आहेत.’

कारभार पूर्वीपेक्षा सुरळीत चालू लागला. प्रधानांना महिन्याभरातच युक्ती सापडली. हवा असलेला कागद आला की ते गप्प राहायचे, नको असलेला आला की खोकायचे. राजकन्येच्या राज्यारोहणावर खोकले, तिच्या लग्नावर खोकले, राजवैद्यांच्या रजेवर खोकले. ताईच्या माफीचा अर्ज मी पहिल्याच वर्षी वाचला, त्यावरही खोकले. तो विषय तिथंच मिटला. राजकन्या चोवीस वर्षांची होती ती पस्तीस वर्षांची झाली. तिनं मधमाश्या पाळल्या.

माझ्या खोकल्याचं मी ताईला कधी कळवलं नाही. ‘महाराज अजून राज्य करत आहेत’ एवढंच लिहायचे. ते खरंही होतं. एकदा न राहवून लिहिलं, ‘ताई, एक सही कर आणि ये घरी. जगाला काय फरक पडतो?’ तिचं उत्तर एका ओळीचं होतं. ‘तू इथं येऊन होडीबाहेर उभी राहून दाखव, लगेच सही करते.’

मी ते पत्र फाडलं, मग चिकटवलं, मग पुन्हा फाडलं. घरी दोन माणसांची भांडी होती, एक ताट रोज उगीच घासून ठेवायचे.

मग या वर्षी पावसाळा सरता सरता तिचं पत्र आलं. ‘होडीच्या तळाला भेग गेली आहे. पाणी घोट्यापर्यंत येतं. दिवसातून सहा वेळा उपसते. भेग महिन्याला चार बोटं वाढते आहे. थंडीत लाटा मोठ्या असतात. हिशेब तूच कर.’

हिशेब मला जमत नाही म्हणून मी इतिहासात आले. पण हा जमला. दीड महिना, फार तर दोन. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मी शेजारच्या खोलीत गेले. प्रांताधिकारी नखं कापत होते.

“साहेब, पूर्व प्रांतातली होडी दुरुस्त करायला हवी. भेग गेलीय.”

“होडी?” त्यांनी माझा अर्ज दोनदा वाचला. “प्रांतात होडी कशाला हवी?”

“माझी ताई आहे तिच्यात.”

“हां, हां. त्या बाई.” ते विचारात पडले. माणूस वाईट नव्हता, फक्त खुर्चीतून उठायचा नाही. संध्याकाळी त्यांचा शेरा आला. ‘सदर होडी जमिनीवर उभी असल्याने तळास भेग पडून धोका संभवत नाही. अर्ज निकाली.’ खाली सही. नियमाप्रमाणे मी तो वहीत उतरवला. उतरवताना मला संताप येत होता. राग प्रांताधिकाऱ्यांचा नव्हता, माझा मलाच होता, कारण तरीही अक्षर छान आलं होतं.

त्या दिवशी मी कायद्याचं पुस्तक घरी घेऊन आले. नऊशे पानं वाचली. पेल्याचं तोंड किती रुंद असावं हे मला आता झोपेतही सांगता येईल. सहाव्या दिवशी एक जुनं कलम सापडलं. राज्यातल्या प्रत्येक पदाधिकाऱ्यानं पासष्टाव्या वर्षी निवृत्त व्हावं, मुदतवाढ हवी असल्यास तसा अर्ज करावा. सोबत पदांची यादी होती. पद क्रमांक एक, राजा.

महाराज नव्वद वर्षांचे झाले होते आणि त्यांनी मुदतवाढीचा अर्ज केलेला नव्हता. निधनाचा विषय बंद होता, राज्यारोहणाचा बंद होता, माफीचा बंद होता. निवृत्तीचा कुणी काढलाच नव्हता.

मी कागद तयार केला. अडचण एकच होती, आणि ती कठड्याच्या आत उजव्या हाताला उभी असायची.

दरबाराच्या मागे पाण्याची खोली आहे. दुपारी पेलेकाका तिथं सुरई विसळत होते. सत्तरी ओलांडलेले, अंगानं सुजल्यासारखे. त्यांची नेमणूकही राजवट संपेपर्यंतची.

“काका, पेला एका दमात संपवता येईल?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “कुठल्या कागदाला?”

मी सांगितलं. त्यांनी सुरई खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसले.

“मागच्या दरबारात सव्वीस पेले झाले,” ते म्हणाले. “वैद्य म्हणतात पाणी कमी करा. कसं करू? सरकारी पाणी आहे. पाहुण्यांकडे गेलो तर पहिलं काय विचारतात माहीत आहे? पाणी देऊ का.” त्यांनी पेला उचलून बघितला. “दोन घोटांत संपवतो. एकात नाही जमणार, पेला मोठा आहे.”

“घशात अडकलं तर?”

“अडकलं तर खोकेन. मी कठड्याच्या बाहेर असतो. माझा खोकला चालतो.”

दरबाराच्या दिवशी तेवीस कागद होते. मी माझा कागद तेविसावा ठेवला, नाल्याच्या डागडुजीच्या मागे. जेवायची वेळ होत आली होती, लोक एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते आणि प्रधानांची नजर दाराकडे होती. मी नाल्याचा कागद ज्या आवाजात वाचला, त्याच आवाजात पुढचा सुरू केला. कलम, उपकलम, वयोमान, मुदतवाढीचा अर्ज प्राप्त नाही, सबब पद क्रमांक एकवरील पदाधिकारी आजपासून निवृत्त समजण्यात यावेत. ऐकावं.

पेलेकाकांनी पेला तोंडाला लावला.

‘पद क्रमांक एक’ म्हणजे कोण, हे कळायला प्रधानांना एक घोट लागला. त्यांची मान माझ्याकडे वळली. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच वळून बघितलं असेल. मग ते घसा ताणून खोकले. लगोलग टेबलावर पेला आपटला.

दरबारात एकच गलका झाला. खोकला आधी, असं निम्मे म्हणत होते. पेला आधी, असं निम्मे म्हणत होते. राजवैद्य सगळ्यांत मोठ्यानं ‘पेला!’ म्हणून ओरडत होते, आणि ते तर दाराशी पाठमोरे उभे होते.

“वहीत काय आहे?” प्रधानांनी विचारलं. त्यांना खात्री होती. त्यांनी माझं चोवीस वर्षांचं अक्षर पाहिलं होतं.

आता खरं सांगते. खोकला आधी आला. चांगला स्पष्ट आधी आला. तेव्हा पेल्यात दोन बोटं पाणी शिल्लक होतं, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पेलेकाकांनी ते नंतर घशात ओतलं आणि मग पेला आपटला. आमच्या राज्याच्या कायद्याप्रमाणे महाराजांनी निवृत्ती साफ नाकारली होती.

मी लिहिलं, ‘पेला ठेवला. नंतर खोकला. मंजूर.’ आणि उभं राहून वाचून दाखवलं.

“हे खोटं आहे,” प्रधान म्हणाले.

“वही खोटी आहे असं आपलं म्हणणं असेल तर तसं लिहून घेते,” मी म्हणाले. “मग गेल्या अकरा वर्षांतले सगळे हुकूमही याच वहीत आहेत. त्यांचं काय करायचं तेही सांगा.”

प्रधानांनी एकदा वहीकडे बघितलं. मग त्यांनी कठड्याचं दार उघडलं आणि बाहेर जाऊन एका बाकावर बसले. तिथं ते एकदम म्हातारे दिसायला लागले. मला कीव आली असं मी म्हणणार नाही, कारण आली नाही.

राजकन्या मधमाश्यांच्या जाळीची टोपी घालूनच आली. “सही कुठं करायची?” एवढंच तिनं विचारलं. पहिला हुकूम मी आधीच लिहून ठेवला होता, ताईच्या सुटकेचा. तिनं तो वाचला, सही केली आणि म्हणाली, वहीचं पुढेही तुम्हीच बघा. मग नव्या राजवटीची कोरी वही माझ्या हातात दिली. वही लेखनिकापासून वेगळी ठेवायची नाही असा नियम आहे, म्हणून मी ती काखेत मारली आणि थेट नावाड्याकडे गेले.

तलाव मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. चोवीस वर्षं मी त्यात पीकपाणी समाधानकारक असल्याचं लिहीत होते. तो इतका मोठा होता की मला लाज वाटली.

होडी एका बाजूला कलली होती. ताई खोपटीच्या दारात उभी राहून पातेल्यानं पाणी उपसत होती. पाणी तिच्या पोटऱ्यांपर्यंत आलं होतं. केस पूर्ण पिकले होते. मी तिला ओळखलं ते तिच्या उपसण्यावरून, प्रत्येक पातेलं काठोकाठ, एक थेंब कमी नाही.

“ताई!”

“हळू आण रे नाव,” ती नावाड्याला म्हणाली. “लाट येते.” मग माझ्याकडे बघून, “जाडी झालीस.”

मला रडू आवरेना. मी रडत रडतच हुकूम वाचला. राजवट संपल्यामुळे शिक्षेची मुदत संपली आहे, सबब सुटका. ती पातेलं हातात धरून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

“नकाशा बरोबर होता, असं कुठं आहे त्यात?”

“नाही आहे. सुटका आहे. चल.”

“म्हणजे मी चुकले होते आणि शिक्षा भोगून झाली, असा अर्थ झाला.”

“ताई, होडी बुडतेय!”

“बुडतेय ना? म्हणजे पाणी आहे. लिही तसं.”

“घरी जाऊन लिहिते.”

“घरी जाऊन तू शेजारच्या खोलीतला कागद उतरवशील.” ती हे रागानं म्हणाली नाही. पुन्हा वाकून पाणी उपसायला लागली. “इथं लिही. मी थांबते.”

मी तिला वाट्टेल ते बोलले. हट्टी म्हणाले, अडाणी म्हणाले, आई असती तर थोबाडीत दिली असती म्हणाले. नावाडी शहाणा होता, तो दुसरीकडे बघत होता. ताई उपसत राहिली आणि पाणी चढत राहिलं. शेवटी मी मांडीवर वही उघडली आणि नव्या राजवटीच्या पहिल्या पानावर पहिली ओळ लिहिली, ‘पूर्वेला पाणी आहे.’

“दाखव.” तिनं मान लांब करून वाचलं. “किती? डबक्यातही पाणीच असतं.”

नावाड्यानं बांबू सोडला. “नऊ हात, बाई.”

“पुन्हा मोज.”

त्यानं पुन्हा मोजलं. नऊ हातच भरलं. मी ‘नऊ हात’ लिहिलं, नावाड्याचा अंगठा घेतला, ताईनं साक्षीदार म्हणून सही केली. मग तिनं पातेलं आमच्या नावेत टाकलं, त्यामागून आपण आली. तिचे पाय पांढरेफटक पडून सुरकुतले होते. मी ते पदरात घेऊन चोळत बसले. मागे होडीची खोपटी तेवढी पाण्यावर उरली होती.

अर्ध्या वाटेवर मी म्हणाले, “ताई, महाराज अकरा वर्षांपूर्वीच वारले होते. निधनाचा कागद वाचला तेव्हा मी खोकले. म्हणून नामंजूर झाला. माझ्यामुळे बसलीस तू इथं.”

ती पाण्याकडे बघत राहिली. वल्ह्याचे वीसेक फटके झाले असतील.

“सर्दी होती?”

“हो.”

“वहीत काय लिहिलंस?”

“खोकला.”

“मग काय तर,” ती म्हणाली. “झालं तेच लिहिलंस. दुसरं काही लिहून मला सोडवलं असतंस, तर मी आलेच नसते.”

माझे हात तिच्या पायावर थांबले. नावाडी वल्हवत होता. काठ अजून लांब होता.

“आणि या वेळी?” तिनं विचारलं. “कुणी खोकलं नाही?”

“प्रधान खोकले,” मी म्हणाले. “पेला ठेवल्यावर.”

ताईनं माझ्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी नजर हलवली नाही.

“बरं,” ती म्हणाली, आणि पाय माझ्या मांडीवर नीट लांब केले. तिनं ते पुन्हा विचारलं नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही कधी नाही.